वाचक विचारतात : नव्या मेटल अल्बमची पारख

गेल्या काही अंकांत या स्तंभात हेवी मेटल आणि ऑल्टरनेटिव्ह संगीताच्या नव्या अल्बमांची परीक्षणे प्रसिद्ध झाल्यापासून वाचकांची बरीच पत्रे आली. कोणता अल्बम ऐकावा यापेक्षा परीक्षण करणारा नेमके काय ऐकतो, याविषयीचे कुतूहल त्यांत अधिक दिसते. म्हणून या वेळी नवे परीक्षण न देता त्यांतील निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : एकाच अल्बमला एक समीक्षक डोक्यावर घेतो आणि दुसरा मोडीत काढतो. सामान्य श्रोत्याने विश्वास कोणावर ठेवावा? (एक वाचक, सांगली)

ज्याचे म्हणणे अल्बममध्ये नेमके कुठे ऐकू येते हे तुम्हाला शोधून पाहता येते, त्याच्यावर. मग त्याचे मत तुम्हाला पटो अथवा न पटो. ‘गिटारवादन दमदार आहे’ हे वाक्य कोणत्याही अल्बमला चिकटवता येते, त्यामुळे ते खरे असले तरी निरुपयोगी असते.

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकात समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी त्याची गणना क्रीम या बँडच्या निकृष्ट नकलेत केली. ही तुलना अगदीच निराधार नव्हती, कारण लांबलेल्या गिटारवादनात ते साम्य खरोखरच आहे. परंतु अल्बमच्या नावाचे जे पहिलेच गाणे आहे, त्याचा मुख्य तुकडा केवळ तीन स्वरांचा आहे : षड्ज, त्याच्या वरचा तार षड्ज आणि मग कंपित केलेला तीव्र मध्यम. यमनमध्ये हा तीव्र मध्यम पंचमाच्या ओढीने येतो, म्हणून आपल्या कानांना तो सुखावतो. इथे पंचम येतच नाही, स्वर अधांतरी राहतो आणि खालचा षड्ज पुन्हा आदळतो. पुढच्या पन्नास वर्षांच्या मेटलचे बीज या तीन स्वरांत होते आणि क्रीमशी तुलना करणाऱ्या कानांना ते त्या वेळी जाणवले नाही. त्याच बँग्ज यांनी १९७२ मध्ये सॅबथवर दीर्घ आणि बराच अनुकूल लेख लिहिला, हेही त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

या वजनदार नादामागे एक अपघातही आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे वादक असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून आणि बारीक तारा लावून ते वाजवू लागले, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तर त्यांनी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. तार सैल झाली की बोटांवरचा ताण कमी होतो आणि नाद जड होतो. अशी माहिती परीक्षणात यावी, पण ती नादाशी जोडून यावी. नुसती चरित्रातील हकीकत म्हणून आली तर ती जागा अडवते.

प्रश्न : माझा मुलगा ज्या बँडची गाणी ऐकतो, त्यांचे गायक गुरगुरतात. शब्दच कळत नसतील तर अशा गायनाचे परीक्षण कशाच्या आधारे करता? (एक वाचिका, डोंबिवली)

शब्द बहुधा अल्बमसोबतच्या पुस्तिकेत छापलेले असतात आणि परीक्षकाने ते वाचलेच पाहिजेत. मात्र ‘ग्राउल’ या गायनप्रकाराचे मूल्यमापन शब्दांच्या स्पष्टतेवर होत नाही. मुख्य स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या कंप पावल्याने हा आवाज निघतो. त्यात स्वराची नेमकी उंची विरघळते, त्यामुळे चाल सांभाळण्याचे काम गिटारकडे जाते आणि गळ्याकडे लय व वजन एवढेच उरते. म्हणून मी व्यंजने ड्रमच्या ठोक्यावर पडतात का, लांब ओळीच्या शेवटी श्वास तुटतो का, हे ऐकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राउल त्या जागी का आला, याचे उत्तर गाण्यातच मिळते का, हे पाहतो.

स्वीडनच्या ओपेथ बँडने २००८ नंतर स्टुडिओ अल्बमांमध्ये ग्राउल सोडला होता आणि २०२४ च्या अल्बममध्ये तो परत आणला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राचे वाचन होते, अशी त्याची कथा आहे. आठांपैकी सात गाण्यांना नावेच नाहीत; मृत्युपत्रातील कलमांसारखे केवळ क्रमांक आहेत आणि नाव मिळते ते शेवटच्या, हळुवार गाण्याला. बँडचे गायक मिकाएल ओकरफेल्ट एकाच गाण्यात स्वच्छ गळा आणि ग्राउल यांची अदलाबदल करतात, मधूनच जेथ्रो टल या बँडचे इयन अँडरसन निवेदकाच्या आवाजात बोलतात, आणि त्या गर्दीत ग्राउलला स्वतःची भूमिका मिळते. चाहत्यांना खूश करण्यासाठी तो चिकटवलेला वाटत नाही. हातात पुस्तिका नसेल तर कथा मात्र बव्हंशी हरवते आणि हा दोष मी लहान मानत नाही.

जाता जाता एक सूचना : चिरंजीव स्वतः असे गाण्याचा सराव करत असतील, तर घसा दुखू लागताच त्यांनी थांबावे. योग्य रीतीने काढलेला ग्राउल दुखत नाही.

प्रश्न : नवे मेटल अल्बम हेडफोनवर ऐकताना अर्ध्या तासातच कान शिणतात, जुन्यांच्या बाबतीत तसे होत नाही. दोष संगीताचा की माझ्या कानांचा? (एक विद्यार्थी, पुणे)

बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसून मिश्रणाचा, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या कामाचा असतो. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाला एक कमाल मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे काहीही नोंदवता येत नाही. ड्रमच्या ठोक्याचा पहिला क्षण, म्हणजे काठी चामड्याला लागते तो, उरलेल्या नादापेक्षा पुष्कळ मोठा असतो. सगळेच मोठ्याने वाजावे म्हणून मंद आवाज उचलून मर्यादेला भिडवले, म्हणजेच ध्वनी ‘दाबला’, की या ठोक्याला वर जायला जागा उरत नाही आणि त्याचे टोक सपाट कापले जाते. ‘ठण्ण’ ऐकू येण्याऐवजी ‘चर्र’ ऐकू येते, आणि शांत व मोठा यांतील फरक नाहीसा झाल्याने कानाला विसावा मिळत नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मेटॅलिका या अमेरिकी बँडचा २००८ चा अल्बम ‘डेथ मॅग्नेटिक’. रिक रुबिन त्याचे निर्माते होते. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही उपलब्ध झाली आणि गेममधील आवृत्ती कमी दाबलेली असल्याचे चाहत्यांच्या लक्षात आले. दोन्ही आवृत्त्यांच्या ध्वनिलहरींची चित्रे शेजारी ठेवल्यावर गेमच्या आवृत्तीत डोंगररांग दिसते आणि अल्बमच्या आवृत्तीत वीट. नवे मिश्रण करावे म्हणून हजारो चाहत्यांनी मागणीपत्रावर सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे मिश्रणावरचा शेवटचा हात फिरवणारे टेड जेन्सन यांनी आपल्याकडे आलेले मिश्रणच आधीपासून तसे दाबलेले होते, असे सांगितले, म्हणजे चूक शेवटच्या टप्प्यावर झालेली नव्हती.

स्ट्रीमिंग सेवा आता सर्व गाणी साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतात. त्यामुळे दाबलेले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजण्याचा फायदा संपला, पण कापली गेलेली टोके काही परत येत नाहीत. एवढे असूनही अनेक नवे अल्बम त्याच पद्धतीने का तयार होतात, हे मला उमगलेले नाही. सवय हेच कारण असावे.

तुम्ही दोन अल्बमांची तुलना करणार असाल, तर आधी दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या, कारण जे किंचित मोठे वाजते ते कानाला चांगले वाटते. मग आवाज बराच कमी करून स्नेअर ड्रम वेगळा ऐकू येतो का ते पाहा. स्वस्त वायरलेस इअरबड खर्ज फुगवतात, म्हणून ‘खर्ज गढूळ आहे’ असा शेरा लिहिण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या साधनावर खात्री करून घेणे आवश्यक आहे.

शिवाय ध्वनीचा दोष म्हणजे रचनेचा दोष नव्हे. मेटॅलिकाच्याच १९८८ च्या अल्बममध्ये नवे बासवादक जेसन न्यूस्टेड यांचे वादन जवळजवळ ऐकूच येत नाही. तरीही त्यातील गाणी टिकली, म्हणून रचनेविषयीचे आणि ध्वनीविषयीचे मत मी वेगवेगळे लिहितो.

प्रश्न : अल्बम प्रसिद्ध झाल्याच्या दिवशीच परीक्षणे कशी छापून येतात? (एक वाचक, ठाणे)

कंपन्या समीक्षकांना अल्बम आधी ऐकायला देतात. त्यात गैर काही नाही, मात्र घाई जाणवते. वीझर या अमेरिकी बँडचा १९९६ चा ‘पिंकर्टन’ त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी अतिशय वाईट अल्बमांत बसवला होता, आणि २००४ मध्ये त्याच नियतकालिकाने त्याला पाच तारे दिले. या स्तंभात तारे दिले जात नाहीत, त्याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : ब्लडीवुडच्या ‘नु दिल्ली’चे मी लिहिलेले परीक्षण सोबत पाठवत आहे. भारतीय बँडचे परीक्षण करताना हात थोडा सैल सोडावा का? (एक वाचक, नाशिक)

सोडू नये. तुमच्या परीक्षणात अभिमानाचा उल्लेख चार वेळा आहे आणि ढोलाचा एकदाच. हे प्रमाण उलटे हवे. दिल्लीच्या या बँडचा २०२५ मध्ये आलेला हा अल्बम आठच गाण्यांचा आहे, त्यामुळे प्रत्येक गाण्यापाशी थांबणे शक्य होते. सार्थक पाहवा वाजवतात तो पंजाबी ढोल आहे. आपल्या गणेशोत्सवातील ढोलापेक्षा त्याचा बाज वेगळा असून एका तोंडावर बारीक, लवचिक काठी आणि दुसऱ्यावर जाड, वाकडी काठी पडते. बारीक काठीचा नाद गिटारच्या भिंतीतूनही आरपार येतो. ढोल ड्रमचाच ठोका दुप्पट करतो आहे की गिटारच्या सरळ चालीला आपल्या झोकदार ठेक्याने छेद देतो आहे, हे गाण्यागणिक तपासा. पहिल्या प्रकारात तो सजावट ठरतो आणि दुसऱ्या प्रकारात तो काढून घेतला तर गाणे कोसळते. ‘बेखौफ’मध्ये जपानच्या बेबीमेटलच्या गायिका आल्याचे तुम्ही लिहिले आहे, परंतु त्यांच्या येण्याने गाण्यात काय बदलले, ते लिहिलेले नाही.

हीच कसोटी मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनच्या २०१७ च्या ‘दशावतार’लाही लावून पाहा. दहा अवतारांवर दहा गाणी, ही कल्पना ऐकताक्षणी आवडते. पण गाण्यांची नावे झाकून ठेवली तर नरसिंह कोणता आणि वामन कोणता हे संगीतावरून ओळखता येते का? जिथे ओळखता येत नाही, तिथे तसे स्पष्ट लिहावे. इतकी वर्षे मेटल वाजवत आलेल्या बँडला सांभाळून घेण्याची गरज नाही आणि तसे करणे मला काहीसे अपमानास्पदही वाटते.

तुमचे परीक्षण परत पाठवत आहे. ढोलाविषयीचा परिच्छेद वाढवून आणि अभिमानाचे तीन उल्लेख गाळून ते महिनाअखेरपर्यंत पाठवल्यास पुढील अंकासाठी त्याचा विचार करता येईल. शब्दमर्यादा सहाशेची आहे.