मुलीच्या गळ्यावरच्या गाठीसाठी सर्जन हाडाचा तुकडाही काढायचा म्हणतायत, खरंच गरज असते का?

ताई, मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलाचं ह्याच गाठीचं दोनदा ऑपरेशन झालंय, आणि दुसऱ्यांदा करावं लागलं ते पहिल्यांदा हाडाला हात लावला नव्हता म्हणूनच. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. मुलगी ५ वर्षांची, गळ्याच्या बरोब्बर मधे सुपारीएवढी गाठ, दुखत नाही, आणि हाड काढायचं ऐकून घरात सगळे हादरलेत, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

आमचा तेव्हा ४ वर्षांचा होता. सर्दी-ताप आला आणि आधीची बारीकशी गाठ एकदम लाल होऊन सुजली, गळू समजून जवळच्या दवाखान्यात चिरा देऊन पू काढला. नंतर त्याच जागेतून चिकट पाणी येत राहिलं. कोणी म्हणे गंडमाळ, लेप लावा, कोणी म्हणे टीबीची टेस्ट करा. मग एकांनी ऑपरेशन करून नुसती गाठ काढली आणि आठ महिन्यांत ती परत हजर.

शेवटी पुण्यात लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी त्याला म्हटलं, मला जीभ काढून चिडव बघू. पठ्ठ्याने लगेच चिडवलं आणि गाठ टुणकन वर सरकली! पाणी गिळतानाही सरकते, पण जिभेबरोबर सरकणं ही थायरोग्लॉसल सिस्टची मोठी खूण. पोटात असताना बाळाची थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते, उतरतानाची वाट नंतर बुजायला हवी, ती कुठेतरी उघडी राहिली की तिथे पाणी साठून गाठ होते. आता ही वाट गळ्यातल्या हायॉइड नावाच्या हाडाला अगदी चिकटून जाते, कधी त्याच्या आतूनच, आणि तिला डोळ्यांना न दिसणारे फाटे असतात. हरळीसारखं आहे हो, वरवर खुरपलं तर परत उगवणारच. म्हणून गाठ, हाडाचा मधला छोटा तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतचा भाग असं सगळं एकत्र काढतात. ह्याला सिस्ट्रंक ऑपरेशन म्हणतात, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. सिस्ट्रंक यांनी १९२० साली मांडलेलं, आणि अजून तेच करतात. त्यानंतरही क्वचित गाठ परत येते, पण नुसती गाठ काढण्यापेक्षा खूपच कमी.

हाड गेल्याने काही अडत नाही, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं. आमचा दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम खात होता आणि बडबड तर आधीपेक्षा जास्त. आत साठलेलं रक्त-पाणी बाहेर यायला गळ्याला एक दिवस नळी होती, चिरा आडवा, वळीतच, आता शोधावा लागतो. फक्त पहिल्या रात्री गळा फुगतोय किंवा श्वासाला त्रास होतोय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच नर्सला उठवा.

ऑपरेशनआधी सोनोग्राफी होईलच, तिच्या रिपोर्टमध्ये थायरॉइड आपल्या जागी आहे असं स्पष्ट लिहिलंय ना ते विचारा, हे मी मुद्दाम सांगतेय कारण क्वचित ती गाठ म्हणजेच मुलाची एकुलती एक थायरॉइड असते, ती काढली तर जन्मभर गोळी.

थांबलं तर चालेल का, तर घाई नाही पण टाळूही नका. एकदा इन्फेक्शन झालं की आतलं सगळं एकमेकांना चिकटतं आणि ऑपरेशन अवघड होतं. मधेच लाल झाली तर गल्लीतल्या कोणाला चिरा देऊ देऊ नका, तुमच्या सर्जनकडेच जा, ते आधी अँटिबायोटिकने सूज उतरवतील आणि काही आठवड्यांनी ऑपरेशन करतील.

आणि भाचीला मानेच्या बाजूला जन्मापासून छिद्र आहे म्हणालात ते बहुतेक वेगळं प्रकरण, ब्रँकियलचं, म्हणजे पोटात असताना मानेच्या बाजूला बुजायची राहून गेलेली नळी. त्याची नळी मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून पार टॉन्सिलपर्यंत जाऊ शकते, म्हणून तेही लहान मुलांच्या सर्जननाच दाखवा, तिच्यावर तुमच्या मुलीचा हिशोब लावू नका.

काढलेली गाठ तपासणीला पाठवतात, तो रिपोर्ट मागून घ्या. आमची पहिल्या वेळची पाठवलीच नव्हती, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.