पहिला कन्सोल घेताय? आधी खेळ ठरवा

कन्सोल कोणता घ्यावा, हा प्रश्न नंतरचा. तुमचे मित्र कोणता खेळ खेळतात, ते आधी विचारा. फोर्टनाइटसारख्या खेळात क्रॉसप्ले आहे, म्हणजे प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला एकत्र खेळू शकतात. पण झेल्डा किंवा मारिओ हवा असेल, तर निन्टेन्डोला पर्याय नाही.

डिस्क ड्राइव्ह असलेलं मॉडेल परवडत असेल तर तेच घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. डिस्क जुनी विकत घेता येते, खेळून झाली की विकता येते. डिजिटल म्हणजे डाउनलोड केलेला खेळ तुमच्या खात्याला बांधलेला असतो आणि कन्सोलचं ऑनलाइन दुकान बंद झालं की नवीन खरेदी संपली. निन्टेन्डोने मार्च 2023 मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद केली. अर्थात डिस्क म्हणजे अभय नव्हे. 2014 सालचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सतत इंटरनेट मागायचा; तो काढणाऱ्या यूबीसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाल्यांचाही खेळ थांबला. म्हणून घेण्याआधी एवढं नक्की बघा: एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागतं का?

ऑनलाइन खेळण्यासाठी बहुतेक विकतच्या खेळांना वर्गणी लागते, फुकटच्या खेळांना सहसा नाही. सुरुवातीला एकाच महिन्याची घ्या.

आणि नवा कन्सोल येणार म्हणून थांबून राहू नका. प्लेस्टेशन 5 नोव्हेंबर 2020 मध्ये आला, तरी प्लेस्टेशन 4 साठी पुढे कित्येक वर्षं नवे खेळ येत राहिले.