टायरचा वेगळा विमा घ्यावा का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी टायर आणि विमा या विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : दसऱ्याला नवी छोटी कार घेत आहोत. शोरूमवाले विम्याच्या कागदात ‘टायर प्रोटेक्शन’ म्हणून करासह २,३०० रुपये लावत आहेत. आमचे गाव तालुक्यापासून २२ किलोमीटर, त्यातला सहा किलोमीटर रस्ता पार उखडलेला. ‘तुमच्या रस्त्याला तर हे घ्याच’ म्हणतात. घ्यावे का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी मूळ पॉलिसीत टायरला काय मिळते ते बघा. सर्वसमावेशक पॉलिसीत टायर-ट्यूबबद्दल एक ठरलेली अट असते : नुसता टायर खराब झाला तर काहीच नाही. अपघातात गाडीचेही नुकसान झाले आणि त्याच वेळी टायर गेला, तर नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्के. म्हणजे गाडी पुलाच्या कठड्याला घासली, दरवाजा चेपला आणि टायर फाटला, तर टायरचे निम्मे पैसे मिळतात. खड्ड्यात आपटून फक्त टायर गेला, तर खर्च तुमचा.

टायर प्रोटेक्शन ही दुसरी बाजू भरून काढते. खड्ड्यात आपटून टायरला फुगा आला, बाजू चिरली किंवा टायर फुटला, तर बदलायचा खर्च मिळतो. अनेक पॉलिसींत बसवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरीही धरलेली असते. पण पूर्ण किंमत फक्त नव्या टायरची मिळते. कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. ती जशी झिजते तशी भरपाईची टक्केवारी उतरते, आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर गोटा झाला म्हणून दावा नाकारला जातो. टक्केवारीचा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. शोरूममधल्या माणसाच्या तोंडावर न जाता पॉलिसीच्या शब्दांकनातले ते पान मागून घ्या.

आता हिशेब. छोट्या कारला १६५/८० आर १४ सारखा टायर आणि लोखंडी डिस्क (रिम) असते. असा टायर साधारण साडेचार हजारांत येतो. तीन वर्षे हप्ता भरला तर ६,९०० रुपये जातात. त्या तीन वर्षांत खड्ड्याने एक टायर गेला आणि तो निम्मा झिजलेला असेल, तर हातात दोन-अडीच हजार पडतील. एवढ्यासाठी हे कवच घेऊ नका. त्या २,३०० रुपयांत हवा मोजायचा मीटर आणि गाडीत ठेवायचा, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर येतो. तुमच्या सहा किलोमीटरच्या रस्त्यावर टायर त्यानेच जास्त वाचतील.

गाडी मोठी असेल, १७ किंवा १८ इंची अलॉय (मिश्रधातूची रिम) आणि पातळ बाजूचे टायर असतील, तर आमचे उत्तर उलटे आहे. तिथे एका टायरलाच दहा-बारा हजारांच्या पुढे मोजावे लागतात. बाजू जितकी पातळ, तितका खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. अशा गाडीला पहिली दोन-तीन वर्षे, नक्षी खोल असेपर्यंत, हे कवच जरूर घ्या आणि पुढे बंद करा. घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा : कित्येक टायर कवचांत रिम नसते. अलॉय तडकली तर काय, हा प्रश्न लेखी विचारा. बाहेरून बसवलेली अलॉय असेल तर ती पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदलेली हवी, नाहीतर तिचे पैसे मागताच येत नाहीत.

आणि शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. दोन ठिकाणचे कोटेशन घ्या, टायरची ओळ वेगळी काढायला सांगा. मात्र हे कवच पॉलिसी सुरू होताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच मिळते. मधेच टायर कुरकुरायला लागला म्हणून जोडता येत नाही.

प्रश्न : डांबराच्या कडेवरून गाडी खाली उतरली अन् परत वर घेतली तं टायरच्या साइडले लिंबाएवढा फुगा आला. झिरो डेप हाये, तरी कंपनीवाले म्हणते टायर त्याच्यात येत नाही. पंक्चरवाला म्हणते फेकून द्या, घरचे म्हणते स्टेपनीले टाका. खरं काय? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : पंक्चरवाला बरोबर सांगतो, आणि कंपनीचेही म्हणणे नियमात बसते. झिरो डेप म्हणजे सुट्या भागांच्या भरपाईतून घसारा न कापणारे जादा कवच. ते घेतले की सगळे शंभर टक्के, असा समज गावोगावी आहे. बहुतेक झिरो डेप कवचांत टायर-ट्यूब आणि बॅटरी मुद्दाम बाजूला ठेवलेल्या असतात. शिवाय तुमच्या गाडीला दुसरे काही लागलेले नाही, म्हणून मूळ पॉलिसीची निम्मी भरपाईही नाही. टायरचे वेगळे कवच असते तर हा फुगा त्यात नक्की बसला असता.

फुगा का येतो ते समजून घ्या. टायरच्या बाजूच्या रबरात दोऱ्यांचा थर असतो, हवेचा सगळा ताण तोच पेलतो. डांबराची कड आणि रिमची कड यांच्यात टायर अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा दाबला जातो आणि आतले दोरे तुटतात. बाहेरचे रबर शाबूत दिसते, पण तिथे हवेला अडवायला आता रबराशिवाय काही नाही. म्हणून ते फुगते. हे दोरे जोडता येत नाहीत. बाजूला गरम पॅच मारून देतो असे कोणी म्हणाला तर मारू देऊ नका. स्टेपनीलाही नको : स्टेपनी लागते ती रात्री, पावसात, गाडी भरलेली असताना, आणि नेमका तेव्हा तो फुटतो. टायर काढला की डिस्कची कडही बघून घ्या. लोखंडी डिस्क वाकली असेल तर बेंड निघतो. अलॉयला केसाएवढी जरी चीर असली तरी ती वेल्डिंग करून वापरू नये.

तुमच्या खारपाणपट्ट्यात हे जास्त होणार, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि डांबराला लागून असलेली साइडपट्टी दर वर्षी खचते. डांबर आणि माती यांत वीतभर पायरी तयार होते. समोरच्या ट्रकला साइड देताना खाली उतरावेच लागले, तर परत वर येताना कडेला समांतर घासत चढू नका. वेग अगदी कमी करा, स्टिअरिंग जरा जास्त वळवा आणि एकेक चाक कड ओलांडून वर घ्या. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, म्हणून ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा दर पंधरवड्याला सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा.

प्रश्न : शेतात गाडी नेली की बाभळीचा काटा नाहीतर पऱ्हाटीचा खुंट लागतोच. महिन्याला दोन पंक्चर होतात. टायरच्या विम्यात हे पैसे मिळतील का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : नाही. पंक्चर काढायचा खर्च या कवचात नसतो, झीज नसते, टायर चोरीला गेला तर तेही नसते, आणि कारखान्याचा दोष असेल तर तो टायर कंपनीच्या वॉरंटीचा विषय. शेतकऱ्याचे टायर मुख्यतः पंक्चर आणि झीज यांनीच जातात. म्हणून शेतातल्या गाडीला हे कवच सहसा परवडत नाही.

पंक्चरबाबत एवढे पाळा. ट्यूबलेस टायरला बाहेरून खुपसलेली पट्टी ही गावी पोचण्यापुरती. पक्के काम म्हणजे टायर उतरवून आतून मशरूम पॅच. तोही फक्त जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच. बाभळीच्या काट्याचे टोक आत मोडून राहते आणि पट्टी मारल्यावरही हवा हळूहळू उतरत राहते. टायर उतरवल्यावर आतून हात नीट फिरवायला सांगा, बोटाला टोचते तिथे टोक सापडते. पऱ्हाटी विळ्याने तिरपी कापली की खुंट पटाशीसारखा धारदार राहतो. गाडी जाते त्या धुऱ्याच्या दोन ओळी तरी चिमट्याने मुळासकट उपटून घ्या.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर मे महिन्यात पुढचा टायर फुटला. गाडी सावरली, पण टायरच्या चिंध्यांनी मडगार्ड आणि बंपर फाटला. गॅरेजने सगळे मिळून १६ हजार सांगितले. गाडी चौथ्या वर्षात आहे, तीन वर्षांत एकही क्लेम नाही. टायरचे कवच नाही, झिरो डेपही नाही. क्लेम करावा की खिशातून भरावे? (कारंजा, जि. वाशीम)

उत्तर : इथे टायरबरोबर गाडीचेही नुकसान झाले आहे, म्हणून मूळ पॉलिसीत दावा बसतो. तुमच्या अंदाजपत्रकातले आकडे असे आहेत : टायर ४,८००, बंपर ३,२००, मडगार्ड २,४००, मजुरी १,६००, रंग ४,०००. टायरला ५० टक्के कपात, म्हणजे २,४०० मिळतील. बंपर प्लास्टिकचा, त्यालाही ५० टक्के, म्हणजे १,६००. मडगार्ड धातूचा, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के घसारा, म्हणजे १,८००. मजुरी पूर्ण. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ३,५००. बेरीज १०,९००. त्यातून सक्तीची वजावट जाते : इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल तर १,०००, त्याहून मोठे असेल तर २,०००. तुमची गाडी छोटी आहे, तेव्हा हाती ९,९००.

आता दुसऱ्या पारड्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. तुमचा आज ३५ आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ आणि नंतर ५०. क्लेम केला तर पुढच्या वर्षी शून्य आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे. बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. तुम्ही कळवलेला तो हप्ता ६,००० आहे. पाच वर्षांत फरक पडेल तो असा : २,७००, १,८००, १,५००, ९०० आणि ३००. एकूण ७,२०० रुपये. (गाडीची किंमत घटते तसा हप्ताही घटतो, म्हणजे प्रत्यक्षात तोटा याहून थोडा कमीच.) ९,९०० मिळतात आणि ७,२०० जातात, तेव्हा क्लेम करा. पुढच्या दोन वर्षांत पुन्हा काही होण्याची भीती असेल तरी करा. पण याच गाडीचा फक्त टायर गेला असता आणि टायरचे कवचही असते, तरी ४,८०० रुपयांसाठी बोनस घालवू नका असेच आम्ही सांगितले असते. काही कंपन्या टायरच्या दाव्याने बोनस मोडत नाहीत, काही मोडतात. कवच विकत घेण्याआधी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

दावा करताना : फुटलेला टायर भंगारात देऊ नका. त्याच्या बाजूवरचा मापाचा मजकूर आणि बनवल्याच्या तारखेचे चार आकडे (२३२३ म्हणजे २०२३ चा २३ वा आठवडा) यांचा फोटो घ्या. गाडी जिथे थांबली तिथला, नंबर प्लेटसह एक फोटो हवा. कंपनीला फोन करून दाव्याचा क्रमांक घ्या आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही सुटे करू नका. सर्व्हेअर टायरची आतली बाजू बघतो. हवा गेलेल्या टायरवर गाडी चालली असेल तर आत रबराचा काळा भुगा साचतो आणि बाजूवर गोल पट्टा उमटतो. तो दिसला की ‘निष्काळजीपणा’ असा शेरा येऊ शकतो. म्हणून टायर बसला की लगेच बाजूला थांबणे हे जिवासाठी तर आहेच, दाव्यासाठीही आहे.

दावा नाकारला तर लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते, फी नाही आणि वकील लागत नाही. विमा नियामकाच्या तक्रार हेल्पलाइनचा क्रमांक १५५२५५ आहे.

आणि मे महिन्यात या रस्त्याला लागण्यापूर्वी हवा थंड टायरला मोजा. टायर तापला की हवा तीन-चार पॉइंट वाढलेली दिसते, ती सोडायची नसते. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने : बाजू सतत दुमडते, आतून तापते, आणि १०० च्या वर वेग असला की दोरे सुटतात. स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, चार माणसे आणि सामान असेल तर तो पाळा.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला असा विमा मिळतो का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : टायर प्रोटेक्शन मुख्यतः खासगी कारसाठी विकले जाते. ट्रॅक्टरचा विमा व्यावसायिक वाहनांच्या गटात मोडतो आणि तिथे नियम आणखी कडक आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘आयएमटी २१’ आणि ‘आयएमटी २३’ हे पॉलिसीला जोडलेल्या अटींचे क्रमांक शोधा. नुसता २१ असेल तर दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, रंग हे सगळे वगळलेले आहे, गाडी पूर्ण नष्ट झाल्याशिवाय त्यांचे पैसे नाहीत. थोडा जास्त हप्ता भरून २३ घेतला की ते परत आत येतात, पण टायर अपघातात ट्रॅक्टरसोबत खराब झाला तरच, आणि तोही निम्मा. ट्रॅक्टर रस्त्यावर भाड्याने चालत असेल तर २३ घ्याच. ट्रॉली ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आपोआप येत नाही. नवा टायर घ्यायचा झाला तर बिलावरचा कर बघा : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर जीएसटी ५ टक्के आहे.