फीडबॅकमध्ये माझ्या बोलण्यावरच हसतात

प्रश्न: ताई, मी धुळे जिल्ह्यातली, पुण्यात बीएड फर्स्ट इयरला आहे. घरी आम्ही अहिराणी बोलतो. मायक्रोटीचिंगचा पाठ, म्हणजे ग्रुपमधल्याच मुलींपुढे घ्यायचा छोटा सराव पाठ झाला की त्या माझ्या हेलावरच बोलतात, हसतात, पाठावर कोणी काही बोलतच नाही. आता डबा पण एकटीच खाते. मॅडम म्हणतात, शिक्षकाने इमोशनली स्ट्राँग असावं. मी कमी पडतेय का?

उत्तर: अजिबात नाही गं. वाईट वाटण्यासारखंच आहे ते. सॅलोव्हे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली तेव्हा भावना दाबून टाका असं नव्हतं सांगितलं, आधी ती नीट ओळखा असं होतं. तर बघ, राग येतोय की लाज वाटतेय, कारण लाज वाटली की आपणच डबा उचलून बाजूला जातो आणि बाकीच्यांना वाटतं हिलाच आपल्यात बसायचं नाहीये.

आता मुद्द्याचं. मायक्रोटीचिंगमध्ये एका वेळी एकच कौशल्य असतं. आपल्याकडच्या 36 मिनिटांच्या चक्रात 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं फीडबॅक, मग 12 मिनिटं पुन्हा तयारी आणि परत पाठ-फीडबॅक. प्रश्न कौशल्य असेल तर त्या 6 मिनिटांत प्रश्नांवरच बोलायचं, हेलाचा तिथे काय संबंध! म्हणून पाठाआधीच सांगून टाक, 'आज माझे प्रश्न बघा, उत्तरासाठी मी थांबते का ते बघा.' तरी कोणी हेलावर गेलीच तर 'ते असू दे, प्रश्न कसे होते ते सांग ना' एवढंच म्हण. आणि तू पण फीडबॅक देताना 'छान झाला' म्हणून सोडू नकोस, 'तिसरा प्रश्न मुलांना कळला नाही, दोन भाग करून विचार' असं नेमकं सांग, अशा मुलीशेजारी पाठाच्या आदल्या दिवशी सगळ्या येऊन बसतात.

फळ्यावर आणि पाठाच्या टाचणात प्रमाण मराठी लागतेच, ती सरावाने येते, पण अहिराणी अजिबात सोडू नकोस. उद्या खानदेशातल्या शाळेत एखादं पोरगं गप्प बसलं तर ते का गप्प आहे हे तुलाच आधी कळेल.

अख्ख्या ग्रुपच्या मागे नको लागू. जी हसत नाही अशी एक तरी असेलच, तिच्यासोबत तक्ते करायला बस, पुढे शाळेतली 16 आठवड्यांची इंटर्नशिप आहे, परिपाठ, ऑफ तास सगळं अंगावर येतं तेव्हा सोबत लागतेच. आणि मॅडमना एकदा एकटी भेट, कोणाचं नाव न घेता म्हण की फीडबॅक निरीक्षण तक्त्याप्रमाणेच द्यायला सगळ्यांना सांगाल का.