आठव्या महिन्यातली खाज: आधी तळपाय बघ, मग पोट

अगं, पोटावरचं पुरळ, सासूबाईंचं तेल आणि केमिस्टचं मलम, तू लिहिलेलं सगळं नंतर बघू. आधी सांग, तळहात-तळपाय खाजतात का? पुरळ काहीच दिसत नाही, पण रात्री अंथरुणात पडलं की तळव्यांना खाज सुटते, असं असेल तर दुखणं त्वचेचं नाही, यकृताचं असू शकतं. पित्तातली आम्लं रक्तात साठायला लागतात. डॉक्टरांना आजच फोन करून एलएफटी (यकृताच्या कामाची तपासणी) आणि बाइल ॲसिड, म्हणजे याच आम्लांची, रक्ततपासणी मागून घे. बाइल ॲसिड लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा वेळी बाळंतपण थोडं आधी करतात. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज तशीच राहिली, तर तपासणी पुन्हा करावी लागते. "बाळाला जावळ येतंय म्हणून खाजतं" असं सांगणारं कुणीतरी भेटेलच. हसून सोडून दे, तपासणी मात्र सोडू नकोस.

तू लिहिलंयस ते वेगळं वाटतं. पहिलटकरीण, पोटावरच्या ताणाच्या रेषांवर लाल पुटकुळ्या, तिथून मांड्यांवर उतरलेल्या. बेंबीभोवतीची जागा कोरी असेल तर बहुधा हे पीयूपीपीपी, म्हणजे गरोदरपणात उठणारं खाजरं पुरळ. पहिल्या खेपेला, शेवटच्या महिन्यांत आणि जुळी असली तर जास्त दिसतं. जीव नकोसा करतं, पण बाळाला त्याचा त्रास नाही आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं. याउलट बेंबीपासूनच सुरुवात झाली असेल किंवा पाण्याचे फोड येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाला लवकर दाखव.

आता सासूबाईंचं कापूर घातलेलं खोबरेल. कापूर त्वचेतून आत शोषला जातो, गरोदरपणात नकोच. त्यांना म्हण, "आई, नुसतं खोबरेल द्या." तेही खरंच चांगलं, फक्त आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. पाणी कोमट, आंघोळ आटोपशीर, उटणं आणि डेटॉल बंद. रात्री मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या सुती साडीच्या ओल्या पट्टीचा आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या कॅलामाइन लोशनचा. नखं कापून टाक, लेगिंग्ज कपाटात ठेव. झोपच लागत नसेल तर डॉक्टर सेटिरिझिन किंवा लोराटाडिन ही खाज कमी करणारी गोळी देतात. स्वतःहून घेऊ नकोस.

केमिस्टने दिलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड आणि सोबत बुरशीचं, जंतूंचं औषध, अशी खिचडी असेल तर लावू नकोस. इतकं तीव्र स्टेरॉइड अख्ख्या पोटाला, तेही बरेच दिवस, गरोदरपणात चालत नाही. शिवाय ते गजकर्ण असेल, म्हणजे गोल चट्टा, कडेला उठावदार आणि खवल्या, तर या मलमाने वरवर दबतं आणि आत पसरतं. पुरळाला स्टेरॉइड लागतंच कधीकधी, पण सौम्य, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

घरात आणखी कुणी खाजवतंय का, तेही विचार. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल तर खरूज. तिच्यावरचं पर्मेथ्रिन मलम गरोदरपणात देतात, पण सगळ्या घराने एकाच वेळी लावायला हवं, नाहीतर परत येते.

आणि पुरळाचे फोटो दिवसाउजेडी काढून ठेव. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्याचं रूप बदललेलं असतं.