नवरा-बायकोची रॉमकॉम लिहिताय? मग दोघांना एका बाजूला उभं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की भांडुपला राहणारं, लग्नाला आठ वर्षं झालेलं जोडपं आहे, पहिला हाफ मस्त हसवतो, इंटरव्हलला बायकोला नवऱ्याच्या मोबाईलवर कॉलेजमधल्या मैत्रिणीचे मेसेज दिसतात, ती माहेरी निघून जाते, आणि तिथून पुढे काही केल्या स्क्रिप्ट हलत नाही. मग प्लॉट बांधायचा कसा?

मी मालिका लिहून पोट भरतो आणि मधेमधे दुसऱ्यांच्या सिनेमाच्या स्क्रिप्टची डागडुजी करतो, त्यामुळे असली केस बऱ्याचदा हातात येते. गडबड सेकंड हाफमध्ये नाहीये हो, पहिल्या पानापासूनच आहे. तुम्ही लग्न झालेल्यांना लग्न न झालेल्यांचा प्लॉट दिलाय. तरुण पोरापोरीच्या सिनेमात प्रेक्षक एकाच प्रश्नासाठी बसलेला असतो, यांचं जमणार का. तुमच्या जोडप्याचं आठ वर्षांपूर्वीच जमलं, हॉलवाल्याचं बिलसुद्धा देऊन झालं. आता तुम्ही म्हणाल की 'तुटणार का' हा प्रश्न आहे की, पण पोस्टरवर दोघं हसतायत, तुटणार नाही हे तिकीट काढतानाच माहिती असतं लोकांना.

मैत्रिणीचे मेसेज काढून टाका. गैरसमज लग्नाआधी चालतो कारण दोघं वेगवेगळ्या घरी झोपतात, फोन उचलला नाही की झालं, अर्धा तास सिनेमा पुढे सरकतो. इथे दोघं एका घरात आहेत, टूथपेस्टपण एकच, 'कोण आहे ही' असं विचारलं की दोन मिनिटांत मिटतं. आणि ती माहेरी गेली की तुमच्या कॉमेडीचं इंजिनच बंद पडतं, कारण हसू सगळं दोघं एकत्र असण्यातून येत होतं. म्हणून माझी चाचणी साधी असते, हा अडथळा दोन मिनिटं नीट बोलल्यावर मिटेल का, आणि मिटत असेल तर तो अडथळा नाहीच.

हे कोडं जुनं आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून सेन्सॉरचे नियम कडक झाले, लग्नाबाहेरचं फार काही दाखवायची पंचाईत, आणि नेमकं त्याच काळात नवरा-बायको वेगळे होऊन पुन्हा एकमेकांच्याच प्रेमात पडतात अशा कॉमेड्यांची रांग लागली. स्टॅनली कॅव्हेल नावाच्या तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला पुनर्विवाहाची कॉमेडी म्हटलं. त्यातला 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) तुम्ही बघाच. घटस्फोट सुरुवातीलाच होतो, पण कायम व्हायला नव्वद दिवस असतात आणि तेवढ्यात दोघं एकमेकांची नवीन स्थळं मोडत सुटतात. कुणाची फजिती कशी करायची हे ज्याने संसार केलाय त्याच्याइतकं कोणाला माहिती असणार! शेवटचा सीन मध्यरात्रीच्या ठोक्याला येऊन टेकतो.

आपल्याकडे बघायचं तर राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०), ज्यावरून बासू चटर्जींनी १९७२ मध्ये 'पिया का घर' केला. नवीन लग्न झालंय, घर भरलेलं, दोघांना एकांतच मिळत नाही. एवढंच. व्हिलन नाही, गैरसमजाचा डोंगर नाही, जागाच व्हिलन. आणि महत्त्वाचं म्हणजे नवरा-बायको एकाच बाजूला आहेत, समोर सगळं घर. माझ्या मते लग्न झालेल्यांची गंमत इथेच आहे, ते एकमेकांशी भांडताना बरे दिसतात, पण दोघं मिळून तिसऱ्याला बनवायला लागले की त्यांच्यावर जीव जडतो.

म्हणजे तुम्हाला एक घड्याळ पाहिजे, एक कमी पडणारी जागा पाहिजे, आणि दोघांना एका बाजूला ढकलणारं काहीतरी पाहिजे. मुंबईत तिन्ही गोष्टी आयत्या पडल्यात.

घड्याळ कायद्यातच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, आणि अर्जानंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी परत कोर्टात जाऊन सांगायचं की हो, आम्हाला अजून हवाय. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये एका केसमध्ये सांगितलंय की 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एकच असलं तरी चालतं. अहो, सिनेमाचा सेटअप कोर्टानेच लिहून दिलाय! भांडुपचा वन बीएचके, होम लोन दोघांच्या नावावर, दुसरं घर भाड्याने घ्यायची ऐपत नाही, म्हणून वेगळे झाले ते बेडरूम आणि हॉलमध्ये.

आणि हे प्रेक्षकाला लगेच सांगू नका. पहिली दहा मिनिटं सकाळ दाखवा. ती डबे भरतेय, तो झाकणं लावतोय, न बघता चार्जर हातात, न विचारता छत्री पर्समध्ये, 'गॅस?' 'बंद केला', दोघं एकदम दाराबाहेर. लोकांना वाटलं पाहिजे काय जोडी आहे राव. दिवसभर ऑफिस, रात्री जेवण, भांडी, टीव्ही, आणि मग ती बेडरूममध्ये जाऊन आतून कडी लावते आणि हा हॉलमध्ये सोफा-कम-बेड ओढून त्यावर स्वतःची चादर घालतो, घड्या इतक्या सराईतपणे की कळतं, हे आजचं नाही. तिथे तुमचा सिनेमा सुरू झाला.

कोणीतरी शहाणा म्हणेलच की सहा महिने माफ करून घेता येतात. येतात, २०१७ पासून कोर्ट तसं करू शकतं, पण त्याला अटी आहेत, त्यात पैशाअडक्याचं सगळं मिटलेलं असलं पाहिजे अशीही एक आहे. तुमच्या जोडप्याचा फ्लॅटचा तिढा सुटलेला नाही, म्हणून थांबणं आलं. एका डायलॉगमध्ये उरका, त्यावर सीन घालवू नका.

अर्ज करायच्या दिवशी फॅमिली कोर्टात, म्हणजे बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायचंय. घरून वेगवेगळे निघतात, पण कुर्ल्याला उतरल्यावर शेअर रिक्षाच्या लायनीत एकमेकांच्या मागेपुढेच उभे राहतात आणि एकाच रिक्षात कोंबले जातात, आणि मधे बसलेला तिसरा पॅसेंजर 'तुम्ही दोघं बाजूला बसा ना, मी कडेला होतो' म्हणतो. असं काहीतरी. याला फार ताणू नका.

आता इंटरव्हल. मी असतो तर २६ जानेवारी घेतला असता. सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, आणि सेक्रेटरी काकांनी परस्पर जाहीर केलंय की यंदा पूजेला हे दोघं बसणार. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि बिल्डिंगमध्ये कोणालाच काही माहिती नाही. मग बसले. तो सोवळ्यात अवघडलेला, ती काठापदराच्या साडीत, गुरुजी म्हणतात, 'वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा.' वर्षभरात पहिल्यांदा हात लागतो, आणि तोही पळीभर पाणी सोडण्यापुरता. हा सीन घाईत घेऊ नका, अख्ख्या पहिल्या हाफमधला एकमेव रोमँटिक सीन हाच आहे आणि दोघांनाही तो नकोय. बायका मागून 'लक्ष्मीनारायणाचा जोडा' म्हणतायत. कथेचा तिसरा अध्याय सुरू असताना दोघं तोंडातल्या तोंडात भांडायला लागतात, जुलैच्या तारखेला तू सुट्टी टाकलीस का, कोर्टात परत दोघांनी लागतं, माझी लीव्ह नाहीये, वकिलाने काय सांगितलं होतं, आणि गुरुजी पाणी प्यायला थांबलेत, माईक मात्र चौरंगाशीच चालू आहे, आणि 'घटस्फोट' हा शब्द दोन्ही विंगच्या स्पीकरवरून खणखणीत ऐकू येतो. इंटरव्हल.

बघा, आता सेकंड हाफ आपोआप हलतो की नाही. आता सगळी सोसायटी यांचा संसार वाचवायला निघाली. काका समजूत काढतायत, वरच्या मजल्यावरची काकू वटसावित्रीच्या गोष्टी सांगतेय, त्याची आई गावाहून बॅग घेऊन हजर, आणि आई आली म्हणजे सोफा-कम-बेड आईला, म्हणजे हे दोघं एका खोलीत. जागेनेच काम केलं, लेखकाने काही केलं नाही. आणि एवढे सगळे अंगावर आल्यावर दोघं एक होणारच, सगळं ठीक झाल्याचं नाटक करायचं आणि लोकांना कटवायचं असा त्यांचा गुपचूप करार. नाटक करता करता नाटक कुठे संपतं ते त्यांनाही कळत नाही, हे जुनंच आहे पण चालतं, कारण इथे खोटं जोडपं खरं होत नाहीये, खरं जोडपं स्वतःचीच नक्कल करतंय. शेजारच्यांची मुलगी स्थळं बघतेय, बॉस ओरडतोय वगैरे बाजूचे ट्रॅक ठेवायचेत तर ठेवा, दोन-दोन सीनच्या वर नको.

फक्त खाली एक खरी गाठ लागेल, जी दोन मिनिटांत सुटत नाही. उदाहरणार्थ, तिला हैदराबादला प्रमोशनवर जायची संधी होती, तो म्हणाला 'तुझं तू ठरव', त्याच्या डोक्यात मी तिला मोकळीक दिली, तिच्या डोक्यात याला मी गेले काय राहिले काय सारखंच. दोघंही बरोबर आहेत, म्हणूनच कोणी माघार घेत नाही. ती कटकटी आणि तो बावळट असली व्हॉट्सॲप फॉरवर्डवाली जोडी केलीत तर ही गाठ बसतच नाही, आणि मला तरी असल्या जोडीचं काहीच वाटत नाही.

छोट्या वस्तू दोनदा वापरा, एकदा हत्यार म्हणून, एकदा दुसऱ्या अर्थाने. पहिल्या हाफमध्ये चार दिवस अबोला आहे, ती घरी, सिलिंडरवाला दारात, आणि डिलिव्हरीचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर. ती फोन लावते, 'ओटीपी'. तो मुद्दाम एकेक आकडा सावकाश सांगतो. हसू येतं. सेकंड हाफमध्ये, नाटक ऐन रंगात असताना, तो घरी आहे, सिलिंडरवाला दारात, हा मोबाईल हातात घेऊन थांबलाय आणि ओटीपी येतच नाही. 'साहेब, नंबर बदललाय मॅडमनी.' वकिलाच्या यादीतलं एक काम तिने कधीतरी करून टाकलं होतं, बस. तुमच्या मैत्रिणीच्या मेसेजपेक्षा हे जास्त लागेल बघा, आणि यात कोणी वाईट नाही.

क्लायमॅक्सला एअरपोर्टवर धावाधाव नको, धावून जाणार कुठे, घर एकच. कोर्टात तारीख आहे, संमती अजून कायम आहे का हे दोघांनाही विचारलं जाणार, आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे आधी कोण बोलतं एवढ्यावरच सीन उभा आहे. तो पुन्हा 'तिचं ती ठरवेल' म्हणतो की या वेळी स्वतःचं काहीतरी सांगतो, हे तुम्ही लिहा, मी सांगितलं तर तुमचा सिनेमा माझा होईल.

जाता जाता, एक फ्लॅट, एक सोसायटी, थोडंसं कोर्ट एवढ्याच लोकेशन्स असतील तर नॅरेशनला, म्हणजे स्क्रिप्ट ऐकवताना, प्रोड्यूसर खूश होतो, शूटिंगचे दिवस कमी लागतात. कोर्टाचे सीन मात्र फॅमिली मॅटर बघणाऱ्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या, तारखांचं गणित चुकलं की अख्खा सेकंड हाफ कोसळतो. आणि लिहायला इंटरव्हलच्या सीनपासून घ्या, पहिलं पान नंतर.