पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

“पाचवा महिना संपत आला, अजून कुठंच नाव घातलं नाही. आता गेले तर दवाखान्यात ओरडतील ना?” हा प्रश्न मला ओपीडीच्या दाराशी, फोनवर, एकदा तर एसटीतही विचारला गेलाय. उत्तराआधी माझीच एक चूक सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

संक्रांतीनंतरचा आठवडा. ग्रामीण रुग्णालयात गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस, बाहेर ही रांग. तेवीस वर्षांची एक मुलगी सासूबरोबर आली. हातात सणाच्या नव्याकोऱ्या बांगड्या, पण माता-बाल कार्डाचा पत्ता नाही. मी बोलून गेले, “इतके दिवस काय करत होतीस?” तिनं मान खाली घातली ती घातलीच. सासू म्हणाली, “आजकालच्या पोरींना काही कळतंच नाही बघा.” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

मग नेहमीचा प्रश्न, शेवटची पाळी कधी आली होती?

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

एका दमात सांगितलं. इथं बऱ्याचजणी बोटं मोजतात, नवऱ्याकडं बघतात. हिला मात्र पाठ होतं. म्हणजे ही दिवस मोजत होती, रोज.

सासूबाईंना केसपेपर काढायला पाठवलं आणि खुर्ची जरा जवळ घेतली. हळूहळू बोलली. मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात नाव घातलं होतं. आशाताई तिच्याच गल्लीतल्या, त्यामुळं चार घरांत लगेच कळलं. सोनोग्राफी झाली आणि आठवड्यानं खाली झालं. बायका म्हणाल्या, मशीन लावलं म्हणून झालं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. “या वेळी कुणाला सांगितलंच नाही, ताई.”

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एक्स-रेसारखे किरण नसतात. त्यानं गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. आईनं काही केलं म्हणून नाही. हे तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिनं वर बघितलं.

उशिरानं काही गेलं नाही असं मी म्हणणार नाही. फॉलिक ॲसिडचं खरं काम सुरुवातीच्या आठवड्यांत असतं. बाळाचा मज्जारज्जू पाळी चुकल्यावर पंधरवड्यातच आकाराला येतो. म्हणून नोंदणी बारा आठवड्यांच्या आत हवी. पण हिचे वीस भरत होते. बाळातले व्यंग बघायची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत करतात, ती अगदी काठावर साधली. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन, चहाबरोबर नाही. रक्तदाब, साखर, एचआयव्ही, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं त्याच दिवशी झालं. तेव्हा सातवा असो की आठवा, या. कुणी ओरडलंच तर ऐकून घ्या, पण तपासणी करूनच घरी जा.

आणि गल्लीत कळायची भीती असेल तर आशाताईंना किंवा सिस्टरना सरळ सांगा, “इतक्यात कुणाला बोलू नका.” तसं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

निघताना सासूबाई दारातून परत आल्या, हलक्या आवाजात म्हणाल्या, “डोहाळजेवणापर्यंत शेजारी कळू देत नाही आम्ही. चालेल ना?”

“शेजारी नका कळवू,” मी म्हटलं, “येत्या 9 तारखेला मात्र इथं घेऊन या.”

कार्ड त्यांनी पदराआड धरलं.